घराला जनरेटर घ्यावा काय?

पावसाळा तोंडावर आला म्हणजे रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात एक विषय हटकून निघतो. यंदा घराला जनरेटर घ्यावा म्हणतो, कितीचा घ्यावा? पेट्रोलचा बरा की डिझेलचा? कोणी भावाचा दाखला देतो, कोणी गोव्यातल्या जावयाचा. विचारणाऱ्याला घाई असते, सांगणाऱ्याला उत्साह असतो, आणि सल्ला बहुधा असा मिळतो की, घ्यायचाच तर मोठा घ्या, पुन्हा पुन्हा घेणे होत नाही. आम्हालाही हाच सल्ला मिळाला होता आणि आम्ही तो मानलाही. त्याचे काय झाले ते आधी सांगतो, मग आमचे मत मांडतो.

२०१९ च्या ऑगस्टात मलप्रभेला पूर आला तेव्हा आमच्या खानापूर भागात कित्येक वाड्यांवर दिवसचे दिवस वीज नव्हती. आमच्या वाड्यावर सहा रात्री अंधारात गेल्या. खांब आडवे झालेले, झाडे तारांवर पडलेली, लाइनमन तरी कुठे कुठे पुरणार? मोबाइल बंद, टाकी रिकामी, विहिरीचे पाणी गढूळ. सातव्या दिवशी वीज आली, आणि त्याच आठवड्यात आम्ही शहरात जाऊन पाच केव्हीएचा डिझेल जनरेटर ठरवून आलो. दुकानदार म्हणाला, "काका, सगळे घर चालेल, वर मोटारही चालेल." ऐकायला गोड वाटले. पैसे मोजले, टेंपोचे भाडे दिले, परड्यात चौथरा बांधला.

पहिल्या दोन वर्षांत लक्षात आले की आमच्या घराला एका वेळी लागते किती? पाच बल्ब, तीन पंखे, टीव्ही, मोबाइलचे चार्जर आणि फ्रिज. आजचा एलईडी बल्ब नऊ वॉटचा असतो, साधा छताचा पंखा पंचाहत्तर वॉटचा, टीव्ही ऐंशी-शंभराचा, फ्रिज चालू असताना दीडशेच्या आसपास. सगळी बेरीज साडेपाचशे वॉटच्या घरात. पाच केव्हीएचा संच म्हणजे चार हजार वॉट. चार हजार वॉटचे इंजिन साडेपाचशे वॉटसाठी धडधडत होते, आणि तासाला पाऊण लिटरच्या जवळपास डिझेल पीत होते. म्हणजे तासाला साठ-पासष्ट रुपये, आणि त्यात उजेड आणि वारा एवढेच.

बरे, तेवढ्यावर भागले असते तरी चालले असते. डिझेल इंजिनला ओझे नसले की ते नीट तापत नाही. आत टाकलेले तेल पुरते जळत नाही, त्याची काजळी आणि ओशट चिकटा इंजेक्टरवर, रिंगांवर, सायलेन्सरमध्ये साचत जातो. तिसऱ्या पावसाळ्यात आमचे यंत्र काळा धूर ओकू लागले आणि चालू व्हायला अर्धा तास घेऊ लागले. मिस्त्रीने उघडून पाहिले आणि विचारले, "काका, ह्याला कधी पोटभर काम दिलेले दिसत नाही." बैलाला महिनोन्महिने गोठ्यात बांधून ठेवले तर तो जसा नांगराला नालायक होतो, तसेच डिझेल इंजिनचे आहे. त्याला त्याच्या ताकदीच्या निदान तिसऱ्या हिश्शाइतके तरी काम मिळाले पाहिजे. तेव्हा "मोठा घेतला तर काय बिघडते" या प्रश्नाचे उत्तर असे की, यंत्रच बिघडते.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी एका वहीच्या पानावर घरातल्या वस्तू लिहून काढाव्यात. प्रत्येक वस्तूच्या मागे बारीक पट्टी असते, तिच्यावर वॉट लिहिलेले असतात. हे काम शाळेत जाणाऱ्या मुलाला द्यावे, तो आनंदाने करील. मात्र बेरीज करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या वस्तूत मोटार आहे ती सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट जास्त वीज ओढते. फ्रिज चालताना दीडशे वॉटवर असला तरी सुरू होताना सात-आठशे, कधी हजारही मागतो. साधी मोटार थेट चालू केली तर पाच ते सात पट प्रवाह ओढते. तेव्हा इतर सामानाची बेरीज आणि त्यात सर्वांत मोठ्या मोटारीचा हा पहिला झटका, एवढे जो संच पेलतो तो पुरेसा. वर सांगितलेल्या घराला असा हिशोब केला तर तेराशे-चौदाशे वॉट येतात. पावणेदोन-दोन केव्हीएचा छोटा पेट्रोल संच त्याला पुरून उरतो. गीझर, इस्त्री आणि विजेची शेगडी यांना यादीतून सरळ काट मारावी. जनरेटरवर पाणी तापवणे म्हणजे पेट्रोलवर चहा करण्यासारखे आहे.

येथे केव्हीए आणि किलोवॅट यांच्या घोळात लोक फसतात. केव्हीएला शून्य पूर्णांक आठने गुणले की साधारण किलोवॅट येतात. दुसरा घोळ त्याहून वाईट. खोक्यावर मोठ्या अक्षरात जो आकडा असतो तो पुष्कळदा यंत्र काही मिनिटे कसेबसे पेलू शकेल एवढ्या जास्तीत जास्त ताकदीचा असतो. तासन्‌तास सतत किती देईल, हा आकडा बारीक अक्षरात आत असतो. आपल्याला कामाचा तो आतला आकडा. आतली वेटोळी तांब्याची आहेत की अल्युमिनियमची हेही विचारावे आणि उत्तर बिलावर लिहून घ्यावे. बिलावर लिहा म्हटले की पुष्कळांचे तांबे अल्युमिनियम होते!

आता पाण्याच्या मोटारीविषयी, कारण शेतकऱ्याचे घोडे शेवटी तिथेच अडते. शेतावरच्या पाच अश्वशक्तीच्या थ्रीफेज मोटारीला घरचा जनरेटर चालणार नाही. तिला सुरुवातीचा झटका धरून साधारण दहा ते साडेबारा केव्हीएचा संच लागतो, आणि असा संच निव्वळ मोटारीसाठी घेणे आमच्या मते उधळपट्टी आहे. डिझेल जाळून इंजिन फिरवायचे, इंजिनाने वीज करायची, विजेने मोटार फिरवायची आणि मोटारीने पंप. प्रत्येक टप्प्यावर काही ना काही वाया जाते. नदी-ओढ्यावर किंवा उघड्या विहिरीवर पाणी उपसायचे असेल तर इंजिनाला थेट जोडलेला पंप, जो आपल्या वडिलांच्या काळापासून मळ्यांत फटफटत आला आहे, तोच परवडतो. ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या नावाने ही इंजिने गावोगाव गेली, त्यांनी १८८८ साली सायकलींचे दुकान काढले ते आपल्या बेळगावातच. ही यंत्रविद्या आपल्याला परकी नाही. बोअरमधल्या बुडत्या मोटारीला मात्र इलाज नाही, ती विजेवरच चालते. तिच्यासाठी गरज पडेल तेव्हा मोठा संच भाड्याने आणावा, किंवा चार शेजाऱ्यांनी मिळून ट्रॉलीवरचा एक घ्यावा.

घरच्या पिण्याच्या पाण्याला याहून सोपा उपाय आहे. माळ्यावर किंवा गच्चीवर हजार लिटरची टाकी बसवावी आणि वीज असताना ती भरून ठेवण्याची सवय लावावी. पाच माणसांच्या घराला काटकसरीने ते पाणी दोन-तीन दिवस जाते. विजेची साठवण करण्यापेक्षा पाण्याची साठवण स्वस्त पडते, आणि टाकीला तेलही लागत नाही.

मग जनरेटर घ्यावाच कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, दहांतल्या आठ घरांनी तो घेऊ नये. आपल्याकडे वीज जाते ती बहुतेक वेळा दोन-चार तासांसाठी. तेवढ्याला इन्व्हर्टर आणि बॅटरी पुरते. बारा व्होल्टची दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी घेतली तर तिच्यातून प्रत्यक्षात हाती लागते ते साधारण बाराशे वॉट-तास, म्हणजे सव्वा युनिटच्या आत. दोन पंखे आणि तीन बल्ब त्यावर सहा-साडेसहा तास चालतात. आवाज नाही, धूर नाही, रात्री उठून दोरी ओढणे नाही. वीस-पंचवीस हजारांत काम होते. बॅटरी चार-पाच वर्षांनी बदलावी लागते आणि तिच्यात डिस्टिल्ड वॉटरच घालावे लागते, नळाचे पाणी घातले की ती लवकर मरते. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून तिला कपाटात किंवा पलंगाखाली कोंडू नये, आणि तिच्याजवळ उदबत्ती-मेणबत्ती लावू नये. पवित्र तसबिरीखाली बॅटरी आणि बॅटरीवर मेणबत्ती, असे दृश्य आम्ही एका घरी डोळ्यांनी पाहिले आहे.

खर्चाचा हिशोबही पाहावा. छोट्या पेट्रोल जनरेटरातून एका लिटरला फार तर दीड युनिट वीज निघते, ओझे कमी असेल तर एकच. पेट्रोल शंभरी ओलांडून गेले आहे. म्हणजे युनिटला पासष्ट ते शंभर रुपये पडले. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजनेत ठरलेल्या मर्यादेत, जास्तीत जास्त दोनशे युनिटपर्यंत, घरगुती वीज फुकट मिळते. ज्या वस्तूचे तारेवरून आले तर शून्य रुपये आणि जनरेटरमधून आले तर शंभर, ती वस्तू जनरेटरमधून घेताना माणसाने दोनदा विचार करावा.

सौर पॅनेल बसवलेल्यांना एक सावधगिरीची सूचना. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्राची सूर्यघर योजना निघाली, तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते म्हणून पुष्कळांनी छपरावर पॅनेल घातले. चांगलेच केले. परंतु वीज गेली की हे साधे पॅनेल भर उन्हातसुद्धा बंद पडते, हे बसवणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. तो बिघाड नव्हे. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या छपरावरून करंट जाऊ नये म्हणून ते मुद्दाम तसे बनवलेले असते. वीज गेल्यावरही चालायला हवे असेल तर बॅटरीसकटची वेगळी जोडणी घ्यावी लागते.

लाइनमनचा विषय निघाला तेव्हा आमचा स्वतःचा अपराध येथे कबूल केला पाहिजे. जनरेटर आणला त्या वर्षी चेंजओव्हर स्विचचे पैसे वाचवावे म्हणून आम्ही दोन्ही टोकांना पिना असलेली एक वायर करून घेतली होती. एक टोक जनरेटरला, दुसरे सोप्यातल्या पॉइंटमध्ये. मेन स्विच खाली ओढायचा आणि मग यंत्र सुरू करायचे, असे ठरवले होते. ठरवलेले रोज आठवतेच असे नाही. एका वादळी रात्री मेन ओढायचा राहिला. आमच्याकडे येणारी तार पुढच्या वळणावर तुटली होती, त्यामुळे आमच्या बाजूला आम्ही आणि आणखी दोनच घरे होती. यंत्र सुरू केले तसे शेजारच्या घरातही दिवे लागले. आम्हाला मौज वाटली! तासाभराने यंत्र एकदम घुरघुरून बंद पडले. आम्ही त्याला शिव्या देत बाहेर आलो तर बॅटरीचा झोत टाकत लाइनमन फाटकात उभा. तो रागावला नाही, तेच जास्त लागले. "काका, तुमच्या घरातनं खांबावर करंट येत होता. चढायच्या आधी तारांवर साखळी टाकली म्हणून वाचलो," एवढेच म्हणाला. त्याची मुलगी आमच्या सुनेकडे शिकवणीला येते.

ही साधी दोनशे तीस व्होल्टची तार होती. मधे ट्रान्सफॉर्मर असता तर तोच करंट उलटा चढून अकरा हजार व्होल्ट होऊन पुढे गेला असता. म्हणून आम्ही निक्षून सांगतो की, ज्याला चेंजओव्हर बसवायचा नाही त्याने जनरेटर घेऊच नये. या स्विचमध्ये एका वेळी एकच बाजू जोडली जाते, एक तर खांबाची, नाही तर जनरेटरची. माणूस विसरला तरी स्विच विसरत नाही. तो परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावा आणि जनरेटरच्या सांगाड्याला चांगले अर्थिंग द्यावे. आपल्या तांबड्या मातीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत पडतो, त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावे.

दुसरी गोष्ट धुराची, आणि ती याहून भयंकर आहे. पावसात यंत्र भिजू नये म्हणून लोक ते पडवीत, जिन्याखाली, गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवतात. इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील जो घटक प्राणवायू वाहून नेतो त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो, आणि मग श्वास चालू असूनही शरीर आतल्या आत गुदमरते. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते, मग झोप येते. त्या झोपेतच माणूस जातो. अमेरिकेत लुईझियाना राज्यात २०२० च्या ऑगस्टात लॉरा नावाचे वादळ झाले, तेव्हा जे मेले त्यांत मोठा वाटा वादळाने मेलेल्यांचा नव्हता, वादळ गेल्यावर घराशेजारी चालवलेल्या जनरेटरच्या धुराने मेलेल्यांचा होता.

लुईझियाना लांब आहे असे कोणी म्हणेल. आमच्या ओळखीच्या एका घरी हेच झाले. बाहेर मुसळधार पाऊस, यंत्र पडवीत, सोप्याचे दार ओढून घेतलेले, खिडकीची फट उघडी. पहाटे पाचही माणसांना उलट्या. आदल्या रात्री बांगडे खाल्ले होते, सगळा दोष बांगड्यांवर गेला. कोविडच्या वर्षांपासून घरोघर बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आहे, ते लावून पाहिले तर अठ्ठ्याण्णव! म्हणून सगळे निर्धास्त झाले. वाचकांनी हे नीट ध्यानात घ्यावे की, साध्या ऑक्सिमीटरला प्राणवायू चिकटलेले रक्त आणि हा विषारी वायू चिकटलेले रक्त यांतला फरक कळत नाही. विष चढलेले असतानाही ते चांगला आकडा दाखवते. दवाखान्यात डॉक्टरांनी घरात काय चालवता म्हणून विचारले तेव्हा उलगडा झाला. नळीने शुद्ध ऑक्सिजन दिला आणि पाचही जण वाचले. घरातल्या आजी मात्र पुढे कित्येक आठवडे नातवंडांची नावे विसरत होत्या. या विषबाधेनंतर असे होऊ शकते.

एका घरातल्या सगळ्यांचे डोके एकाच वेळी दुखू लागले आणि यंत्र चालू असेल, तर दुसरे काही शोधत बसू नये. सर्वांना आधी मोकळ्या हवेत काढावे, यंत्र बंद करावे आणि दवाखाना गाठावा. यंत्र घरापासून निदान वीस फूट लांब, दारे-खिडक्यांकडे धूर जाणार नाही अशा बाजूला ठेवावे. वर पत्र्याचे छप्पर चालेल, पण चारी बाजू उघड्या असाव्यात. पंखा लावला, खिडकी उघडली म्हणजे भागते हा समज खोटा आहे. गोठ्यात तर मुळीच नको. जनावरालाही तोच वायू बाधतो, आणि वैरणीच्या गंजीशेजारी तापलेला सायलेन्सर म्हणजे आगीला आमंत्रण. पेट्रोल भरताना यंत्र बंद करून निवू द्यावे, मगच टोपण काढावे. कंदील धरून पेट्रोल भरणारे आजही आहेत म्हणून हे लिहावे लागते.

जनरेटर खरोखर कोणाला हवा, तेही सांगितले पाहिजे. ज्याच्या ब्रॉयलर कोंबड्यांच्या शेडला पंखे लागतात त्याला हवा, कारण एप्रिल-मेच्या दुपारी पंखे थांबले तर थोड्या वेळात शेड रिकामी होते. ज्याच्याकडे दूध थंड करण्याचे यंत्र आहे त्याला हवा. दोन-चार म्हशी असणाऱ्याला नको, हाताने धारा काढणारी माणसे अजून घरात आहेत. आणि ज्या घरात आजारी माणूस ऑक्सिजनच्या यंत्रावर आहे त्या घराला काहीतरी पक्की सोय हवीच हवी. याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण हल्ली अशी घरे आपल्या धर्मग्रामातही झाली आहेत.

घरी वापरायचे पाच लिटरचे ऑक्सिजन यंत्र साडेतीनशे वॉटच्या आसपास घेते. वर सांगितलेल्या एका बॅटरीवर ते तीन-साडेतीन तास चालेल, तेही दुसरे काही लावले नाही तर. रात्रभर ते काढणार नाही. अशा घरी आम्ही आधी इन्व्हर्टर सांगू, म्हणजे वीज जाताच क्षणाचीही खोटी होणार नाही. दुसरे म्हणजे भरलेला ऑक्सिजनचा बी प्रकारचा सिलिंडर, ज्यात सुमारे पंधराशे लिटर वायू असतो आणि मिनिटाला दोन लिटरच्या हिशोबाने तो बारा तास पुरतो. जनरेटर तिसरा. कारण यंत्र चालू न होण्याची वेळ नेमकी तीच असते, आणि सिलिंडरला दोरी ओढावी लागत नाही. किती लिटर सोडायचा हे डॉक्टरांनी ठरवायचे, आणि सिलिंडरजवळ दिवा, विडी, चूल काही नको.

इन्सुलिनसाठी म्हणून जनरेटर घेणाऱ्यांचे भय मात्र थोडे कमी करू. बंद ठेवलेला फ्रिज चार तास गार राहतो, अट एकच की मुलांनी दर दहा मिनिटांनी दार उघडून पाहू नये. वापरात असलेली इन्सुलिनची बाटली पंचवीस-तीस अंशांपर्यंतच्या हवेत साधारण चार आठवडे टिकते, पाकिटावरची सूचना पाहून घ्यावी. ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, प्लॅस्टिकच्या डबीत घालून ती सावलीला ठेवली तर आपल्याकडच्या पावसाळ्यात चिंता नाही.

हे सगळे वाचूनही ज्याला घ्यायचाच आहे त्याने छोटा पेट्रोल संच घ्यावा, आणि आमच्या मते दोन-तीन घरांनी मिळून घ्यावा. दिवसा दोन तास एका घरी, दोन तास दुसऱ्या घरी. त्या वेळात फ्रिज गार होतो, टाकी भरायची छोटी मोटार पेलत असेल तर टाकी भरते, मोबाइल आणि इन्व्हर्टरची बॅटरी थोडीफार चार्ज होते. रात्री यंत्र बंद आणि बॅटरीवर पंखे. पूर येऊन आठवडाभर वीज गेली तरी या रीतीने दिवसाला तीन-चार लिटरांत निभावते. काही इन्व्हर्टर जनरेटरची हेलकावे खाणारी वीज घेत नाहीत, तेव्हा मागचे बटण साध्या मोडवर करावे लागते. विकणाऱ्याकडून ते दाखवून घ्यावे. भागीदारीत भांडणे होतात हे आम्हाला ठाऊक आहे. तेल कोणी घातले, दोरी कोणी तोडली. एक वही ठेवावी आणि तास लिहावेत. बैलजोडी सावडीने वापरणाऱ्यांच्या नातवंडांना हे जमू नये असे काही नाही. फेस्ताला, लग्नाला मोठा संच लागतो तो भाड्याने मिळतो.

शेवटी निगा. पेट्रोलचे यंत्र मरते ते वापराने नव्हे, नुसते पडून राहिल्याने. टाकीत महिनोन्महिने राहिलेले पेट्रोल आटून त्याचा डिंक होतो आणि कार्बोरेटरची बारीक भोके बुजतात. शिवाय २०२५ पासून देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. ते आपल्याच उसाचे, त्याचे दुःख नाही, पण इथेनॉल हवेतले पाणी ओढते. म्हणून पावसाळा संपला की टाकी रिकामी करावी, तोटी बंद करून यंत्र आपोआप थांबेपर्यंत चालवावे. जुने यंत्र असेल तर वीस टक्क्यांचे इंधन चालते का हे पुस्तिकेत पाहावे. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटे, पंखे-दिवे जोडून, ते चालवून पाहावे. पहिले इंजिन ऑइल वीसेक तासांनी बदलावे आणि पुढे पुस्तिकेप्रमाणे. आणि घरातल्या बाईमाणसांना ते सुरू करणे, बंद करणे, चेंजओव्हर फिरवणे शिकवावे. वीज जाते तेव्हा कर्ता पुरुष बहुधा बाजारातच असतो.

आमचा पाच केव्हीएचा संच गेल्या मार्चमध्ये दोन मैलांवरच्या एका कोंबडीवाल्याने नेला. त्याच्या शेडला सहा मोठे पंखे आहेत. इंजेक्टर साफ करून त्याने तो चालवला, आता धूर कमी झाला आहे म्हणतो. आम्ही दोन शेजाऱ्यांबरोबर छोटा पेट्रोलचा घेतला. तो सध्या शेजारी आहे, कारण हा आठवडा त्यांचा.